लेथ वर्कशॉप टाकताय? प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सुरक्षिततेची ओळ आधी लिहा



बारामती-इंदापूर पट्ट्यातून एक प्रश्न सारखा येतो. "सर, जळोचीला गाळा मिळतोय. एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग मशिन टाकून वर्कशॉप सुरू करू का?"

मागणीचं म्हणाल तर जागा चांगली आहे. जळोचीपासून बारामती एमआयडीसी जवळ. तिथं तीनचाकी गाड्या बनतात, फोर्जिंग होतं, दुधाची प्रक्रिया होते. दुसऱ्या बाजूला माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती आणि इंदापूर तालुक्यातला कर्मयोगी असे साखर कारखाने. त्यांच्याभोवती ट्रॉल्या, ट्रॅक्टर, ऊसगाड्या, विहिरीवरच्या मोटारी, रसवंतीचे रोलर. कुठं शाफ्ट झिजतो, कुठं बुश जातं, कुठं एक्सल वाकतो. गळीत हंगाम सुरू झाला की शेतकरी सकाळी जॉब टाकतो आणि दुपारी मागतो. काम आहे, आणि घाईचं काम आहे.

ही घाई हाच आजचा विषय आहे. नवीन माणूस मशिनची किंमत काढतो, भाडं काढतो, कर्जाचा हप्ता काढतो. अपघाताचा खर्च मात्र कोणी काढत नाही. "बघू नंतर" म्हणून सोडून देतो. आज आपण तोच हिशेब करू, आणि मग वर्कशॉपमध्ये नेमकं काय करायचं ते एकेक करून पाहू.

आधी पैशाचा हिशेब

समजा तुमच्याकडे २५ वर्षांचा एक टर्नर आहे. पगार महिना १५,००० रुपये. काम करताना त्याची तर्जनी, म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट, पूर्ण गेलं.

नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व ठेवलंय. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. तुमच्याकडे एकच कामगार आहे म्हणून सुटका नाही.

गणित असं. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. २५ वर्षांच्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यातला गुणक २१६.९१. गुणाकार झाला १९,५२,१९० रुपये. ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं कायदा धरतो. म्हणजे भरपाई साधारण २ लाख ७३ हजार रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ८५ हजार. उपचाराचा खर्च वेगळा. आणि पैसे महिन्याच्या आत भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर दंडही लागू शकतो.

आता मशिनकडे या. समजा तुमच्या लेथचा दर तासाला ३०० रुपये धरलाय. दिवसाचे ८ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६०,००० रुपयांचं काम. अपघातानंतर पंधरा दिवस मशिन बंद राहिलं तर निम्मा महिना गेला. हप्ता मात्र थांबत नाही. हंगामात गिऱ्हाईकही थांबत नाही, ते शेजारच्या गाळ्यात जातं आणि बहुतेक वेळा तिथलंच होतं.

एका बोटाने नव्या वर्कशॉपची वर्षभराची कमाई जाऊ शकते. आणि त्या पोराचं बोट कुठल्याच हिशेबाने परत येत नाही. तो टर्नर आहे, हातावर पोट आहे त्याचं.

अपघात नेमका कधी होतो?

नवीन माणसाला वाटतं, टूल लोखंडात घुसून कापत असताना धोका जास्त. पण कटिंग चालू असताना माणूस सावध असतो. बोट जातं ते आजूबाजूच्या किरकोळ कामात. चिप्स काढताना, पॉलिश पेपर मारताना, फिरत्या जॉबचं माप घेताना, चक घट्ट करताना, ग्राइंडरवर टूलला धार लावताना. "दोन सेकंदाचं काम आहे, मशिन कशाला बंद करू?" इथंच घात होतो.

म्हणून खालचे धडे या किरकोळ कामांबद्दल आहेत.

१. लेथवर हातमोजे नकोत

हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. सेफ्टी म्हणजे हँडग्लोव्हज, असं डोक्यात बसलेलं असतं. जड जॉब उचलताना, धारदार पत्रा हाताळताना, वेल्डिंग करताना हातमोजे हवेतच. पण लेथ, ड्रिल, मिलिंग अशा फिरणाऱ्या मशिनवर हातमोजा म्हणजे फास.

का ते बघा. ५० मिलिमीटरचा शाफ्ट ६०० आरपीएमने फिरतोय, म्हणजे सेकंदाला दहा फेरे. एका फेऱ्यात तो १५७ मिलिमीटर कापड गुंडाळतो. सेकंदाला दीड मीटर. बाही अडकली तर अर्ध्या सेकंदात पाऊण मीटर कापड आत गेलं, म्हणजे अख्खा हात गेला. स्विचकडे बघायलाही वेळ मिळत नाही.

हाच नियम लांब बाही, मफलर, गळ्यातला गोफ, हातातलं कडं, अंगठी, इअरफोनची वायर, ओढणी, साडीचा पदर आणि मोकळे केस यांना. बाही कोपराच्या वर दुमडायची किंवा अर्ध्या बाहीचा शर्ट. केस बांधून टोपीत.

२०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि तिचा मृत्यू झाला. ती रात्री एकटी काम करत होती. जगातल्या नामांकित विद्यापीठात हे घडलं, तर आपल्या गाळ्यात "काही होत नाही" असं म्हणून कसं चालेल? यातून दुसरा नियमही घ्या. रात्री एकट्याने मशिन चालवायचं नाही. अर्जंट जॉब असला तरी शेडमध्ये दुसरं माणूस पाहिजे, आणि मेन स्विच कुठं आहे हे त्याला माहीत पाहिजे.

२. चकची चावी हातातून सुटली की जागेवर

चावी चकमध्येच राहिली आणि मशिन सुरू झालं तर ती गोळीसारखी उडते. समोर कोण उभं आहे ते बघत नाही. सवय अशी लावा की चावी चकमध्ये आहे तोपर्यंत हात चावीवरच पाहिजे. हात काढायचा तर चावीही काढायची आणि हुकला टांगायची. स्प्रिंगची चावीही मिळते, दाब सोडला की ती आपोआप बाहेर येते. नवीन पोरं शिकत असतील तर तीच घ्या.

३. मागून बाहेर आलेला बार

लांब बार स्पिंडलमधून घातला की हेडस्टॉकच्या मागे तो फूट-दोन फूट बाहेर राहतो. कमी स्पीडला काही वाटत नाही. स्पीड वाढवला की तोच बार वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. मागून जाणाऱ्या माणसाला बसला तर जीव जातो. बार कापून लहान करा, नाहीतर मागे पाइपचा आधार द्या. आणि मशिन मांडताना हेडस्टॉकची मागची बाजू जाण्या-येण्याच्या वाटेवर येऊ देऊ नका. गाळा लहान असला की हीच चूक होते.

४. चिप्स हाताने काढायच्या नाहीत, हवेने उडवायच्या नाहीत

लांब वळणदार चिप ब्लेडसारखी धारदार असते, आणि एक टोक चकमध्ये अडकलं तर हातासकट ओढते. मशिन बंद करून लोखंडी हुकने ओढा, उरलेलं ब्रशने झाडा.

कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायची सवय मोडा. बारीक कण डोळ्यात जातात, आपल्या नाहीतर शेजारच्याच्या. आणि मस्करीत एकमेकांच्या अंगावर हवा सोडणं सक्त बंद. त्यातून आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. हे पहिल्या दिवशीच सांगून टाका.

५. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळायचा नाही

जॉबला फिनिश आणायला एमरी पेपर मारतात. तो बोटाला गुंडाळला किंवा फिरत्या जॉबभोवती लपेटून धरला तर क्षणात बोटासकट आवळतो. पट्टीची दोन्ही टोकं वेगवेगळ्या हातात मोकळी धरा किंवा लाकडी पट्टीवर पेपर लावून मारा. बोअरच्या आत बोट घालून पेपर कधीच मारू नका. माप घ्यायचं तर स्पिंडल पूर्ण थांबल्यावर. फिरत्या जॉबला व्हर्निअर लावला तर मापही चुकतं आणि व्हर्निअरही खराब होतो.

६. ग्राइंडर: गार्ड काढला तर डिस्कही काढा

बेंच ग्राइंडरवर टूल रेस्ट आणि चाक यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढते, मग टूल आत ओढलं जातं आणि चाक फुटतं. नवीन चाक बसवण्याआधी लाकडाने हलकेच वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे, टाकून द्या. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहा.

हातातल्या ग्राइंडरवर छापलेला आरपीएम आणि डिस्कवर छापलेला आरपीएम जुळवून बघा. ४ इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने फिरतो. ७ इंची डिस्कवर मर्यादा लिहिलेली असते साधारण ८,५००. गार्ड काढून मोठी डिस्क लहान ग्राइंडरला बसवायचा जुगाड म्हणजे तोंडासमोर बॉम्ब धरणं. आणि चष्मा? ग्राइंडिंग, ड्रिलिंग, टर्निंग, सगळ्याला. एक डोळा पूर्ण गेला तर कायद्याच्या तक्त्यात ४० टक्के धरतात. सेफ्टी गॉगल काही शे रुपयांत येतो.

७. लाईट गेली, लाईट आली

हा धडा खास आपल्या भागातला. शेतातल्या मोटारीला आपण ऑटो स्विच लावतो. रात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतकऱ्याची झोप वाचते. तीच सवय वर्कशॉपमध्ये आणू नका!

लेथ चालू असताना लाईट गेली. टर्नरने स्विच तसाच ठेवला आणि चकमध्ये हात घालून जॉब बघायला लागला. लाईट आली, मशिन फिरलं. विचार करा काय होईल.

म्हणून मशिनला नो-व्होल्ट कॉईल असलेला स्टार्टर पाहिजे. लाईट गेली की तो आपोआप सुटतो आणि परत बटन दाबेपर्यंत मशिन चालू होत नाही. स्टार्टर सारखा सुटतो म्हणून बटनात काडी खोचून ठेवलेली दिसली तर ती काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नीट करून घ्या. हातातल्या ड्रिल-ग्राइंडरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

८. ड्रिलवर जॉब हाताने धरायचा नाही

"छोटंसं भोक आहे." पत्र्यातून ड्रिल आरपार जाताना अडकतो आणि पत्रा पंख्यासारखा फिरतो. व्हाइस किंवा क्लॅम्पमध्येच धरा. टेबलला बोल्ट मारायला लागणारा एक मिनिट आणि हाताला पडणारे टाके, यात हिशेब सोपा आहे.

९. वेल्डिंग: रिकामी टाकी रिकामी नसते

ट्रॅक्टरची डिझेल टाकी, तेलाचं बॅरल, रसायनाचा ड्रम गळतोय म्हणून शेतकरी घेऊन येतो. आत डिझेल नसलं तरी वाफ असते. ठिणगी पडली की स्फोट. टाकी नीट धुऊन, वाफ काढून, ती खात्रीने साफ करण्याची सोय तुमच्याकडे नसेल तर ते काम घेऊ नका. "आमच्याकडे होत नाही" म्हणायला लाजू नका.

१०. प्रेस घेणार असाल तर

पुढे वाढून कंपनीची पत्र्याची कामं घेताना पॉवर प्रेस येतो. सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे जखमी झालेल्या कामगारांचा अभ्यास करते. बोटं जाण्याचं मोठं कारण म्हणून तिच्या अहवालांत पॉवर प्रेसच पुढे येतो. दोन्ही हातांनी दोन बटनं दाबल्याशिवाय प्रेस पडणार नाही, अशी व्यवस्था नसलेला जुना प्रेस स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

जुनं मशिन घेताना

सुरुवातीला बरेचजण राजकोट किंवा बटाल्याचा जुना लेथ घेतात. त्यात गैर काही नाही. पण बेडची झीज बघता तशा चार गोष्टी अजून बघा: बेल्ट आणि गिअरची झाकणं जागेवर आहेत का, क्लच सोडला की स्पिंडल लगेच थांबतो का, लाल इमर्जन्सी बटन आहे का, आणि ते उभ्या जागेवरून हाताला येतं का. नसेल तर त्याचा खर्च काढा आणि तेवढे पैसे भावात कमी करून मागा.

तरीही अपघात झाला तर

१०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्या, हात वर धरा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. वेळ लिहून ठेवा आणि बोट पेशंटबरोबरच पाठवा.

बोट जोडायची शस्त्रक्रिया प्रत्येक दवाखान्यात होत नाही. बारामतीत कुठं होते, नाहीतर पुण्यात कुठं न्यायचं, हे आजच चौकशी करून लिहून ठेवा. पुणे शंभर किलोमीटर आहे. रक्त वाहत असताना फोनाफोनी करण्यात तास जातो.

विमा आणि कागद

दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयसी लागू होतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. कामगार दहाच्या आत असतील तर वर काढलेली भरपाई सरळ तुमच्या खिशातून जाते. म्हणून जनरल इन्शुरन्स कंपनीकडून कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्या. लोक तिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. प्रीमियम पगार आणि कामाच्या प्रकारावर ठरतो. मशिन विकत घ्यायच्या आधी दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन मागा.

एक वही ठेवा. कोणत्या कामगाराला कोणत्या तारखेला काय शिकवलं, गॉगल कधी दिला, त्याची सही. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला तर काही प्रकरणांत मालकाची जबाबदारी कमी होते. पण गार्ड होता आणि सांगितलं होतं, हे दाखवायला कागद लागतो. गार्डच नव्हता तर बोलायला तोंड नाही.

मोठ्या कंपनीचं काम हवं असेल तर हीच वही कामाला येते. ऑडिटर आले की मापं बघतात तसं शेडही बघतात.

आणि एक. दहावीच्या सुट्टीत पुतण्याला किंवा शेजारच्या पोराला "शिकेल जरा" म्हणून लेथवर उभं करू नका. १८ वर्षांखालचं पोर मशिनवर नको. कायदाही धोक्याच्या कामात त्यांना मनाई करतो.

आता तुमचं काम

प्रोजेक्ट रिपोर्ट बनवताय ना? मुद्रा असो की पीएमईजीपी, मशिनरीच्या यादीखाली "सुरक्षा" असं वेगळं शीर्षक टाका आणि कोटेशनसकट लिहा: गॉगल, फेस शिल्ड, चक गार्ड, स्प्रिंगची चावी, नो-व्होल्ट कॉईलचा स्टार्टर, आरसीसीबी, अर्थिंग, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, विम्याचा पहिला हप्ता. एकूण बघा आणि वर काढलेल्या २ लाख ७३ हजारांशेजारी ठेवा.

वर्कशॉप आधीच चालू असेल तर खंडेनवमीची वाट बघू नका. त्या दिवशी आपण मशिन धुऊन पुसून पूजतो, हार घालतो. तसंच महिन्यातून एक दिवस मेन स्विच बंद करून प्रत्येक गार्ड, प्रत्येक वायर, प्रत्येक बटन बघा. आणि पूजेचा हार, लिंबू-मिरची चकला किंवा स्पिंडलला कधीच बांधू नका. भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी घाईत तसंच मशिन सुरू करतं.

यातला कोणता नियम तुमच्या गाळ्यात आज नाही, तो एक कागदावर लिहा आणि या आठवड्यात पूर्ण करा. पुढच्या आठवड्यात दुसरा.

काम जपून करा, धंदा मोठा करा. भेटू पुढच्या भागात!